फळाचा रंग आणि फळाची पक्वता : एक ऐतिहासिक विचार



वसंत व्याख्यानमाला म्हटली की वक्त्याने राजकारण, साहित्य किंवा संतवाङ्मय यांपैकी एखादा विषय घ्यावा, अशी आपली सर्वसाधारण अपेक्षा असते. ती गैर नाही. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा सुरू केली ती लोकशिक्षणासाठी. आणि ज्या समाजाचे पोट शेतीवर आहे त्याच्या लोकशिक्षणात शेतमालाचा विचार परका मानता येणार नाही. म्हणून आज मी फळांच्या रंगाचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. फळ झाडावरून उतरविल्यानंतर त्याचा रंग का पालटतो, उजेडाचा व उष्णतेचा त्यावर कोणता परिणाम होतो, आणि हे ज्ञान माणसाला कसकसे मिळत गेले, एवढाच माझा विषय आहे.

आपले देवगाव फाटा हे तीन वाटांचे ठिकाण. एक वाट मंठ्यावरून जालन्यास जाते, दुसरी जिंतुराकडे आणि तिसरी सेलूकडे. जालना आणि परभणी हे दोन्ही जिल्हे मोसंबीचे. जालन्याच्या मोसंबीस तर भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. ही मोसंबी पावसाळा सरता सरता उतरविली तर हिरवीगार दिसते, आणि हिवाळा उलटल्यावर उतरविली तर पिवळी दिसते. जमीन तीच, झाड तेच, शेतकरीही तोच. मग हा फरक कशाचा? हिरवी मोसंबी कच्ची आणि पिवळी तेवढी पिकलेली, असे शहरातील गिऱ्हाईक समजते. सालीकडे पाहून भाव बोलण्याचा रिवाज त्याच समजुतीवर उभा आहे. ही समजूत कितपत खरी आहे, याचा निवाडा आपण इतिहासाकडूनच करून घेऊ.

आढी, पाड आणि डोळे

प्रथम आपल्या भाषेकडे वळू. फळ तयार झाले हे सांगण्यासाठी मराठीत किती निरनिराळे शब्द आहेत ते पाहा. आंब्याला पाड लागतो. चिंच गाभुळते. सीताफळाचे डोळे उघडतात. यांतला एकही शब्द मुळात रंगाचा नाही. पाड म्हणजे झाडावरच पिकून गळणारे पहिले फळ. तो दिसला की बाकीची फळे उतरविण्यास हरकत नाही, असे माळी समजतो. गाभुळलेली चिंच टरफलापासून सुटू लागलेली असते. सीताफळाचे डोळे उघडतात तेव्हा खवल्यांमधील फटी रुंदावतात आणि तेथे फिकट पिवळसर छटा दिसते. पण बालाघाटच्या डोंगरातला माणूस मुख्यतः फटीची रुंदी पाहतो, छटा मागाहून. आपल्या पूर्वजांनी पक्वतेची पारख एकट्या रंगावर सोपविली नव्हती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

पिकविण्याची आपली मुख्य रीत म्हणजे आढी. आंबे देठासकट उतरवावयाचे, चीक निथळू द्यावयाचा आणि मग गवताच्या, काडाच्या किंवा भाताच्या पेंढ्याच्या थरांत ते मांडून वरून झाकावयाचे. आढीत उजेड नसतो, ऊब असते आणि हवा फारशी खेळत नाही. आठवड्याभरात हिरवा आंबा पिवळा होतो. आढीत एखादा पिकलेला आंबा ठेवला तर बाकीचे लवकर पिकतात, हे घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक होते. केळीच्या बाबतीत बंद खोलीत धूर कोंडण्याची रीत होती. याची कारणे कोणी सांगितली नव्हती. परंतु कारण माहीत नसताना रीत अचूक असू शकते, याचे आढी हे उत्तम उदाहरण आहे.

हे ज्ञान केवळ आपल्याकडेच होते असे नाही. प्राचीन ग्रीक पंडित थिओफ्रास्टस याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या सुमारास लिहून ठेवले आहे की, एका जातीचे अंजीर लोखंडी नखाने ओरखडल्याशिवाय पिकत नाही. चीनमध्ये बंद खोलीत उदबत्त्या जाळून फळे पिकवीत असे सांगतात. फळाला झालेली जखम, जळत्या पदार्थाचा धूर आणि शेजारचे पिकलेले फळ या तिन्ही गोष्टींत समान असे काय असावे? या प्रश्नाचे उत्तर मिळावयास विसावे शतक उजाडावे लागले.

रंग येतो की जातो?

तिकडे वळण्यापूर्वी रंग म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. पानांतील व कच्च्या फळांतील हिरव्या द्रव्यास पेल्तिए आणि काव्हान्तू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८१७-१८ च्या सुमारास 'क्लोरोफिल' असे नाव दिले; आपण त्याला हरितद्रव्य म्हणतो. १८३१ मध्ये वाकेनरोडर याने गाजरातून नारिंगी द्रव्य वेगळे काढले व त्याला कॅरोटिन हे नाव पडले. पुढे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेट याने, विसाव्या शतकाच्या आरंभी, खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क झिरपवून हिरव्या आणि पिवळ्या द्रव्यांचे पट्टे वेगवेगळे करून दाखविले. जर्मनीतील व्हिल्श्टेटर यास याच वनस्पतिरंगांवरील कार्यासाठी १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या संशोधनातून सामान्य माणसाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट एकच आहे. हिरव्या सालीत पिवळे द्रव्य आधीपासूनच असते. हिरव्याच्या दाटीत ते दिसत नाही, इतकेच. केळे पिवळे होते ते मुख्यतः हिरवा पडदा सरल्यामुळे. पिकताना पिवळे द्रव्य फारसे वाढत नाही. संत्र्याच्या सालीत दोन्ही क्रिया घडतात : हरितद्रव्य नाहीसे होते आणि नारिंगी द्रव्ये नव्याने तयारही होतात. टोमॅटोत लायकोपीन नावाचे लाल द्रव्य नवीनच निर्माण होते. सफरचंदाचा आणि आंब्याच्या गालाचा तांबूसपणा याहून वेगळा, तो अँथोसायनिन या गटातील द्रव्यांचा. रंगाची ही चार तऱ्हेची घडण असल्यामुळे उजेड आणि ऊब यांचा प्रत्येक फळावरील परिणामही वेगळा होतो. सर्व फळांना एकच नियम लावावयास गेले की फसगत होते.

रॉकेलच्या स्टोव्हची गोष्ट

आता या इतिहासातील सर्वांत मनोरंजक प्रकरणाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बागा बहरास आल्या. तेथील लिंबू व संत्री हजारो मैल आगगाडीने पूर्वेकडच्या शहरांत जात. लिंबे झाडावरून हिरवी उतरवीत. पण गिऱ्हाइकाला हवी असत पिवळी. म्हणून बागाईतदार ती तंबूत किंवा बंद खोलीत ठेवून आत रॉकेलचे स्टोव्ह पेटवीत. काही दिवसांत लिंबे पिवळी होत. या क्रियेस ते 'घाम काढणे' म्हणत. उष्णतेमुळे हा रंग येतो, अशी सर्वांची ठाम समजूत होती.

ही समजूत चुकीची आहे असे दाखविले अमेरिकेच्या शेतकी खात्यातील सीव्हर्स आणि ट्रू या दोघांनी. १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी सिद्ध केले की, रंग पालटतो तो स्टोव्हच्या उष्णतेने नव्हे; अर्धवट जळालेल्या रॉकेलातून निघणाऱ्या वायूंमुळे पालटतो. धूर नसलेली नुसती ऊब दिली तर तसा रंग येत नाही. त्या वायूंपैकी नेमका कोणता वायू हे काम करतो, ते त्याच खात्यातील डेनी याने शोधून काढले. तो वायू इथिलीन. १९२३ मध्ये डेनीला या पद्धतीचे पेटंट मिळाले आणि स्टोव्ह मागे पडून वायूची नळी आली.

इथिलीनचे नाव तत्पूर्वी वेगळ्याच संदर्भात गाजले होते. रस्त्यावरील दिव्यांचा वायू गळला की शेजारच्या झाडांची पाने झडतात, असे युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसून आले होते. रशियातील नेल्युबोव्ह याने १९०१ मध्ये दाखविले की प्रयोगशाळेतील वाटाण्याचे कोंब वेडेवाकडे वाढतात ते याच वायूतील इथिलीनमुळे. १९१० च्या सुमारास जमैकातून कझिन्स याने इशारा दिला की संत्री व केळी एकत्र जहाजावर चढवू नयेत, नाहीतर केळी अकाली पिकतात. शेवटी १९३४ साली इंग्लंडमध्ये गेन याने पिकणारी सफरचंदे स्वतःच इथिलीन बाहेर टाकतात हे रासायनिक पुराव्यानिशी सिद्ध केले. ज्या वायूला लोक दिव्यातला आणि धुरातला समजत होते, तो फळ स्वतःच तयार करते! आढीतील पिकला आंबा शेजाऱ्यांना पिकवितो, अंजिराची जखम त्याला पिकविते, धुराने केळी पिकतात. या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच निघाले. आपल्या आजीबाईची आढी आणि कॅलिफोर्नियाचा स्टोव्ह एकाच शाळेतले ठरले.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. केंब्रिजच्या किड व वेस्ट या जोडीने १९२० च्या दशकात सफरचंदाचा श्वासोच्छ्वास मोजला आणि पिकण्याच्या वेळी तो एकदम उसळी घेतो असे दाखविले. आंबा, केळे, टोमॅटो, सीताफळ ही या उसळीच्या जातीची फळे. ती तोडल्यावरही खऱ्या अर्थाने पिकतात, पिठूळपणा जाऊन गोडी येते. मोसंबी, संत्रे, लिंबू आणि द्राक्ष यांची जात निराळी. ती झाडावरून उतरली की त्यांची गोडी तेथेच थांबली. इथिलीनने मोसंबीची साल पिवळी होईल, पण आतला रस पूर्वी होता तसाच राहील. रंग मागाहून आणता येतो; गोडी मागाहून आणता येत नाही. माझ्या आजच्या विवेचनाचा हा कणा आहे.

उष्णतेची मर्यादा

स्टोव्हची ऊब रंग आणीत नव्हती, म्हणून उष्णतामानाला महत्त्वच नाही, असे मात्र कोणी समजू नये. फळाच्या अंगातील सर्व रासायनिक क्रिया ठराविक उष्णतामानातच नीट चालतात, आणि प्रत्येक रंगद्रव्याची मर्यादा वेगळी असते.

याचे पहिले स्पष्ट उदाहरण टोमॅटोचे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ डगर याने १९१३ मध्ये दाखविले की, सुमारे ३० अंश सेंटिग्रेडच्या वर टोमॅटो पिकविला तर त्यात लाल द्रव्य तयार होत नाही. तो पिवळा-नारिंगी राहतो. तोच टोमॅटो पुन्हा थंड जागी आणला तर लाल होऊ लागतो. म्हणजे उष्णता रंग तयार करण्याची शक्ती नष्ट करीत नाही, ती रोखून धरते. आपल्याकडे वैशाखात बाजारात येणारे टोमॅटो फिकट का दिसतात, याचे उत्तर यात आहे. अठरा ते चोवीस अंशांच्या दरम्यान टोमॅटोला उत्तम रंग चढतो. उलट बारा अंशांच्या खाली हिरवा टोमॅटो पुष्कळ दिवस ठेवला तर तो थंडीने दुखावतो आणि पुढे उबेत आणूनही त्याला धड रंग येत नाही.

केळ्याचे याहून चमत्कारिक. कॅव्हेंडिश जातीची केळी, म्हणजे आपली बसराई ज्या गटातली त्या गटातली, ३० अंशांच्या वर पिकविली तर आतून मऊ व गोड होतात, पण साल हिरवट राहते. हरितद्रव्य मोडणारी यंत्रणाच त्या उष्णतेत मंदावते. १९८० च्या दशकात इंग्लंडमधील संशोधकांनी याची चिकित्सा केली. उन्हाळ्यात अर्धापूरकडील केळी सोलली की पिकलेली आणि पाहिली तर कच्ची वाटावीत, यात व्यापाऱ्याची लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा तो उष्णतामानाचा परिणाम असतो.

आंब्यास वीस ते तेवीस अंशांच्या आसपास पिकविल्यास साल एकसारखी सोनेरी होते. फार उष्ण जागी तो लवकर मऊ पडतो, पण सालीवर हिरवे-पिवळे चट्टे राहतात. फार थंडीत, हापूसच्या बाबतीत बारा-तेरा अंशांच्या बऱ्याच खाली, साल राखट होते आणि चवही बिघडते. हापूस किती थंडीत ठेवावा, नागपुरी संत्री किती थंडीत टिकतात, या प्रश्नांचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातच झाला आहे. पुण्याजवळच्या गणेशखिंड बागेत १९३० च्या दशकात चीमा, करमरकर व जोशी यांनी फळांच्या शीतगृहावर प्रयोग केले. द्राक्षाच्या एका जातीस चीमा साहेबी असे नाव आहे, ते याच चीमांचे. आंबा थंडीत टिकतो हे खरे. परंतु थंडीत तो रंगत नाही. आधी मर्यादित थंडीत साठवण आणि मग मध्यम उबेत रंग, असा दुहेरी क्रम लागतो, हे अशाच प्रयोगांनी शिकविले.

उजेडाचे काम

उजेडाची कथा अधिक नाजूक आहे. बटाटे उजेडात राहिले की हिरवे पडतात हे प्रत्येक गृहिणीस माहीत आहे. हरितद्रव्य तयार होण्यास वनस्पतीला उजेड लागतो. म्हणून अंधारात नवा हिरवेपणा येत नाही आणि असलेला ओसरत जातो. आढी अंधारी असते ती या दृष्टीने सोयीचीच. आंब्याचा पिवळा रंग आणि टोमॅटोचा लाल रंग अंधारातही उत्तम येतो.

अँथोसायनिनचे मात्र उलट. आंब्याचा जो गाल उन्हाकडे असतो तोच तांबूस होतो. पॅरिसजवळ माँत्रय येथील बागाईतदार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सफरचंदे झाडावरच पिशव्यांत झाकीत आणि पिकण्याच्या सुमारास पिशवी काढून सालीवर कातरलेला कागद चिकटवीत. कागदाखालचा भाग फिकट राही आणि उघडा भाग लाल होई. अशा रीतीने फळावर अक्षरे व चित्रे उमटत. सूर्याने काढलेले हे चित्रच म्हणावयाचे. सफरचंदाची ही शक्ती तोडल्यावरही काही काळ टिकते. म्हणून उतरविलेली फिकी सफरचंदे गवतावर एकेरी पसरून त्यांस रंग आणण्याची रीत थंड देशांत आढळते.

उजेडातला कोणता भाग हे काम करतो? अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथील बॉर्थविक व हेंड्रिक्स यांच्या मंडळीने १९५२ मध्ये दाखविले की तांबडा प्रकाश बी रुजवितो, आणि त्याच्या पलीकडचा अतिरक्त प्रकाश ती आज्ञा मागे घेतो. या चावीला पुढे फायटोक्रोम असे नाव मिळाले. १९५४ मध्ये पिरिंजर व हाइन्झे यांनी टोमॅटोच्या पातळ सालीतील पिवळा रंग याच चावीने चालू-बंद होतो असे दाखविले. सीगलमन व हेंड्रिक्स यांनी १९५८ मध्ये सफरचंदाच्या सालीतील लाल रंगाचा असाच अभ्यास केला. अलीकडे, २०१२ मध्ये, जपानी संशोधकांनी तोडलेल्या संत्र्यांवर तांबड्या दिव्याचा प्रकाश टाकला तेव्हा सालीतील एक नारिंगी द्रव्य वाढले. निळ्या प्रकाशाने तसे झाले नाही.

पण यावरून कोणी आपल्या मोसंबीचा ढीग उन्हात मांडू नये. प्रयोगशाळेतील दिवा थंड असतो. आपला सूर्य उजेडाबरोबर उष्णताही देतो. मराठवाड्याच्या उन्हात ठेवलेल्या फळाचे अंग भोवतालच्या हवेपेक्षाही तापते, पाणी उडते, साल सुकते आणि भाजते. सफरचंदाच्या थंड देशात जे औषध तेच येथे विष. उतरविलेले फळ सावलीत आणि वाऱ्यावर ठेवावे हा आपल्या माळ्यांचा शिरस्ता शास्त्रास धरूनच आहे.

आमची मोसंबी हिरवी का?

आता आपण घरी येऊ. संत्र्याचा इतिहास मराठवाड्याच्या अभिमानाचा आहे. नागपूरची संत्री जगप्रसिद्ध झाली. परंतु त्यांचे मूळ रोप भोसल्यांपैकी रघुजीराजांनी अठराव्या शतकात औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, नागपुरास नेले असे सांगण्यात येते. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोचली आणि त्या संत्र्यांना मोठी बाजारपेठ खुली झाली. आपल्या भागात गोदावरी खोऱ्याची आगगाडी १९०० च्या सुमारास आली, तेव्हा सेलूच्या स्टेशनावर मोठेपण होते ते कापसाचे. मोसंबीचे नाव आफ्रिकेतील मोझांबिकवरून पडले असे मानतात. फळ परदेशचे, पण या काळ्या जमिनीत ते इतके रमले की आज कोणी त्यास पाहुणे म्हणणार नाही. परभणीस निजामी राजवटीत १९१८ मध्ये प्रायोगिक शेत निघाले, १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र बदनापुरास आहे. नागपुरास लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८५ मध्ये सुरू झाली.

आपल्या बागांत मुख्य बहार दोन. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे पावसाळ्याच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत उतरतात. मृग बहाराची फुले जून-जुलैत येतात आणि फळे हिवाळा उलटताना उतरतात. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतील हिरवेपणा झाडावर आपोआप ओसरावयास रात्रीचे उष्णतामान साधारण तेरा अंशांच्या खाली यावे लागते. भाद्रपद-आश्विनात परभणीची रात्र वीस अंशांच्या वर असते. म्हणून आंबिया मोसंबी रसाने भरली, गोड झाली, तरी सालीने हिरवीच राहते. मार्गशीर्ष-पौषात येथील पारा कित्येकदा दहा अंशांच्याही खाली उतरतो; ती थंडी अंगावर घेतलेली मृग मोसंबी पिवळी होते. एकाच झाडाच्या दोन बहारांतील रंगाचा फरक असा रात्रीच्या थंडीचा आहे. त्यात शेतकऱ्याच्या मेहनतीचे उणेअधिक शोधण्याचे कारण नाही.

जगात इतरत्रही हेच दिसते. भूमध्य समुद्राकाठची संत्री हिवाळ्याच्या थंडीने केशरी होतात. विषुववृत्ताजवळच्या सखल प्रदेशातील संत्री पिकून गोड झाली तरी हिरवी राहतात. इतकेच काय, व्हॅलेन्सिया जातीचे केशरी झालेले संत्रे वसंतात झाडावर ठेवले तर पुन्हा हिरवट होते. म्हणजे अधिक पिकलेले फळ कमी पिकलेले दिसते. संत्रे म्हणजे केशरी ही कल्पना थंड हिवाळ्याच्या देशांनी जगाला दिली. उष्ण देशांनी ती निमूटपणे मान्य केली, आणि आपल्या मालास स्वतःच नावे ठेवू लागले.

बाजाराचा न्याय

या मान्यतेची किंमत काय पडली तेही पाहू. अमेरिकेत फ्लॉरिडाची हवा कॅलिफोर्नियाहून उबदार. तेथली संत्री रसाळ पण सालीने हिरवट. कच्ची फळे बाहेर पाठवून बाजार बिघडू नये म्हणून त्या राज्याने १९११ मध्ये कायदा केला आणि १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात गोडी व आंबटपणा यांचे आठास एक हे प्रमाण पक्वतेची कसोटी म्हणून रूढ होऊ लागले. ही दिशा योग्य होती, कारण कसोटी सालीची न राहता रसाची झाली. परंतु गिऱ्हाइकाचा डोळा बदलला नाही. शेवटी फ्लॉरिडाच्या व्यापाऱ्यांनी १९३० च्या दशकात संत्र्यांच्या साली चक्क रंगविण्यास सुरुवात केली. त्यातील एक लाल रंग अपायकारक ठरल्यावर प्रकरण न्यायालयात गेले आणि १९५८ मध्ये निकाल रंगाच्या विरुद्ध लागला. त्याच्या जागी आलेला दुसरा रंग १९५९ पासून मर्यादित प्रमाणात चालू राहिला. त्याचीही परवानगी काढून घेण्याचा मनोदय अमेरिकन सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. चांगल्या फळाला वाईट रंग फासण्याची पाळी केवळ एका गैरसमजुतीमुळे आली.

आपल्याकडे त्याच गैरसमजुतीने कारबाइड आणले. कॅल्शियम कारबाइडला ओलावा लागला की ॲसिटिलीन वायू निघतो. तो इथिलीनचा दूरचा भाऊ. त्याने आंबा पिवळा होतो. परंतु बाजारी कारबाइडात आर्सेनिक व फॉस्फरस यांची अशुद्धी असते, आणि कोवळ्या आंब्याची साल पिवळी झाली तरी आत गर आंबटच राहतो. आपल्या अन्नभेसळीच्या नियमांनी कारबाइड निषिद्ध ठरविले आणि २०११ च्या नियमावलीतही ती बंदी कायम आहे. इथिलीन वायू मात्र शंभर भाग दर दशलक्ष या मर्यादेपर्यंत वापरण्यास २०१६ मध्ये मुभा मिळाली. हा भेद शेतकऱ्यांनी व ग्राहकांनीही नीट समजून घेतला पाहिजे. पक्व आंब्यास किंवा केळ्यास बंदिस्त खोलीत, ठराविक उष्णतामानात, शुद्ध इथिलीन देणे म्हणजे आढीचीच सुधारलेली आवृत्ती होय. कोवळ्या फळास कारबाइडने पिवळे करणे ही ग्राहकाची फसवणूक होय. मोसंबी-संत्र्याचा हिरवेपणा घालविण्यास पाच-दहा भाग दर दशलक्ष इतके इथिलीनही पुरते. मात्र खोलीत दमटपणा पुरेसा हवा, हवा खेळती हवी आणि उष्णता तीस अंशांच्या आत हवी. त्यावर गेली तर नारिंगी रंग चढतच नाही. आणि फळ आधीच गोड झालेले हवे, हे तर उघडच आहे.

मग आपण काय करावे? माझ्या मते दोन गोष्टी. पहिली, उत्पादकाने रंगासाठी घाई करू नये आणि रंगासाठी फळ बिघडवूही नये. वजन, सालीचा गुळगुळीतपणा, रसाचे प्रमाण आणि साखर मोजण्याचे छोटे यंत्र ही पक्वतेची खरी साधने आहेत. दूरच्या बाजाराला पिवळा माल हवाच असेल तर रंग आणण्याची खोली चार गावांनी मिळून, सहकाराने उभारावी. ते काम एकट्याच्या कुवतीबाहेरचे आहे, चौघांच्या नव्हे. दुसरी गोष्ट ग्राहकाची, आणि आपण सर्व ग्राहकही आहोत. हिरवी मोसंबी हातात घेऊन तिचे वजन पाहा, कापून रस चाखा आणि मगच तिला नाव ठेवा. आपणच सालीवर भाळलो तर उद्याचा व्यापारी आपल्यास सालच विकेल. यात त्याचा दोष निम्मा; उरलेला निम्मा आपल्या डोळ्यांचा.

दोनशे वर्षांच्या या संशोधनात रसायनज्ञ आले, वनस्पतिशास्त्रज्ञ आले, न्यायाधीशही आले. सर्वांच्या श्रमाचे सार पाहू गेल्यास ते आपल्या जुन्या माळ्याच्या व्यवहारापासून फार दूर नाही. तो पाड पाहत होता, डोळे पाहत होता, आढीवर हात ठेवून ऊब अजमावीत होता. रंग ही त्याच्या लेखी अनेक साक्षींपैकी एक साक्ष होती, आणि एकाच साक्षीवर निकाल द्यावयाचा नसतो हे त्याला कळत होते. येत्या आश्विनात आपल्या फाट्यावरून हिरव्या मोसंबीने भरलेली वाहने जालन्याकडे जातील, तेव्हा तो माल कच्चा आहे असे निदान येथे बसलेल्यांपैकी तरी कोणी म्हणणार नाही, अशी मला आशा आहे.